रुमालाखाली

१

बुधवार, २ फेब्रुवारी १९७२. पहाटे कडाक्याची थंडी, आभाळ निरभ्र, ऊन वर आल्यावर पूर्वेकडून कोरडा वारा. घोडेगावच्या अलीकडे, सडकेपासून मैलभर आत, गोरक्षाच्या वस्तीकडे जाणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी होती. पण ती कमरेपर्यंतसुद्धा आली नव्हती, आणि वाऱ्यानं तिची पानं जुन्या कागदासारखी वाजत होती.

दीनाबाई उजागरे पायीच निघाल्या होत्या. वय चव्वेचाळीस, शाळा सातवीपर्यंतची. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी टाकून दिलेली पुस्तकं शब्दाला शब्द लावून वाचत वाचत सुईणीचं काम शिकल्या. आता एकवीस वर्षं झाली होती. गावात त्यांना सगळे नर्सबाई म्हणत. पिशवीत टेप, कात्री, सुईदोरा, साबण, आणि स्वतः पट्टीनं रेघा मारून केलेली वही.

गोरक्ष बांधावरच उभा होता. तिशीचा, धिप्पाड गडी. शेती करून बैलांचा व्यापार करायचा.

"लई न्हाई बाई, पर लागतंय," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

घरात त्याची आई गोजरबाई चुलीपुढं बसली होती. दीनाबाईंना पाहताच तिनं फुंकणी खाली ठेवली. "ह्ये तिसऱ्यांदा. दोन डाव असंच झालं. आदी ठिपका, मग चार दिसांनी सगळं वाहून गेलं. दोन्ही डाव तिसरा म्हैना. आता तिसराच चाललाय."

"पाहू तर द्या."

मागची खोली अंधारी, एकच झरोका. पुष्पावती खाटेवर आडवी होती. बावीस वर्षांची, सडपातळ, डोळे मात्र टवटवीत. दीनाबाईंनी पोट तपासलं, नाडी घेतली, कापड झरोक्याशी नेऊन पाहिलं. तपकिरी डाग, दहा पैशांच्या नाण्याएवढा. कळ नाही, गाठ नाही.

"डाग लागला म्हणजे गेलंच, असं नसतं," त्या म्हणाल्या. "लागतो तितक्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींचं टिकतं. उठायचं नाही. घागर नाही, दळण नाही, आणि नवऱ्यानं दुसऱ्या खोलीत निजायचं."

"त्यो गोठ्यातच निजतुय," गोजरबाई म्हणाली. "बैलं त्याला बायकूपरीस जवळची."

पुष्पावती खुदकन हसली. दीनाबाईंना ते हसू आवडलं. त्यांनी खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली दोन दोन विटा घातल्या. मग जुन्या धोतराचे सारखे सहा तुकडे केले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं एक फुली टाचली.

"रोज सहा देईन, रोज सहा परत घेईन. वापरलेले आणि न वापरलेले, सगळे या घमेल्यात. मी पाहिल्याशिवाय एकही धुवायचा नाही."

गोजरबाईचा चेहरा उतरला. "असली कापडं कुनाच्या नजरंला पडू देत न्हाईत बाई. सूर्यालासुदिक दावत न्हाईत."

"न पाहता मला कळणार कसं, वाढतंय की कमी होतंय?"

"मग झाकून तरी ठेवती," असं म्हणून तिनं खुंटीवरचा लाल चौकड्यांचा जुना रुमाल ओढला आणि घमेल्यावर टाकला.

२

शुक्रवारी सकाळी घमेल्यात सात तुकडे होते.

दीनाबाईंनी ते खाटेच्या कडेवर मांडले. तीन कोरे. तीन डागाळलेले, वाळून ताठ झालेले. आणि एक डागाळलेला, ओला. साती तुकड्यांवर निळी फुली.

त्यांना पहिल्यांदा वाटलं, आपणच सात फाडले. माणूसच आहे, चुकतं. वहीत काल 'सहा' लिहिलं होतं, पण लिहितानाही चूक होऊ शकते. त्यांनी गोजरबाईला हाक मारली, तिच्यासमोर सहा तुकडे मोजले, तिच्याकडूनही मोजून घेतले.

"एक, दोन... सा. आता ह्ये काय, मला शाळंत घालताय व्हय?"

शनिवारी सात.

घरात तिघंच माणसं. गोजरबाईची पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. सून एकटीच; गोरक्षाला भाऊ नाही. शेजारची वस्ती हाकेच्या पलीकडं. मग हा ओला तुकडा कुणाचा?

म्हातारीच काही करत असेल का? कोंबडीचं रक्त? पण कशासाठी? नातवासाठी ही बाई रोज मारुतीला पाणी घालत होती. शिवाय दीनाबाईंनी तो डाग नीट पाहिला होता, हुंगला होता. एकवीस वर्षांत जे हजारदा पाहिलं, तेच ते होतं. गरोदर बाईचं.

रविवारी प्रार्थना आटोपून त्या गेल्या, तेव्हा त्यांनी एक गोष्ट कुणाला न सांगता केली. नवे सहा तुकडे घरून आणले. त्यांवर हिरव्या दोऱ्याची फुली होती, आणि फुलीच्या खाली एकच बारीक टाका, तिरपा.

सोमवारी सात. साती तुकड्यांवर हिरवी फुली. सातव्यावरही तो तिरपा टाका होता, त्यांच्या हाताला डावीकडं झुकायची जी सवय होती, तसाच झुकलेला.

दीनाबाई बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसल्या. भीती वाटायला हवी होती. पण त्यांना वाटत होतं ते वेगळंच: कोडं समोर यावं आणि जेवायची वेळ टळून जावी, तसं.

३

त्या दिवसापासून त्या डाग मोजू लागल्या. टेपनं लांबी, रुंदी. वहीत पेन्सिलीनं कडा.

आठवड्याभरात एक हिशेब डोळ्यांत भरला. पुष्पावतीचे डाग ज्या दिवशी मोठे, त्या दिवशी ओल्या तुकड्यावर जेमतेम ठिपका. पुष्पावतीचे लहान, त्या दिवशी तो भरलेला. दोन्ही मिळवून रोज सारखंच. तराजूची पारडी असावीत तसं. आणि पुष्पावतीचं पारडं दिवसागणिक जड होत चाललं होतं. आता डाग तपकिरी नव्हते, लालसर होते.

"पुष्पा, खोलीत कुणी येतं का गं?"

"कोन येनार? आत्याबाई भाकरी घेऊन येत्यात, आन् त्ये दारातनं इचारत्यात, बरी हाईस का म्हनून." मग ती म्हणाली, "दुपारच्याला आवाज येतो, बाई. खाटंच्या पायथ्याला. कापड पिळल्यागत."

"भीती वाटते?"

"न्हाई. इचित्र वाटतं. तिलाबी लागतंय असं वाटतं."

"कुणाला?"

पुष्पावतीनं छताकडं पाहिलं. "मला काय म्हाईत. मी कुटं बघितलीय तिला? तुमीच म्हनला ना, उठू नगं म्हनून."

दीनाबाईंनी खाटेच्या पायथ्याशी वाकून पाहिलं. चार विटा, घमेलं, रुमाल. शेणानं सारवलेली जमीन तेवढ्या जागी ओलसर होती, पण तिथंच पाण्याचा तांब्याही ठेवलेला असे.

४

बाजाराच्या दिवशी गोरक्ष एक खोंड विकून दुपारीच परतला. बायकोची विचारपूस दारातून करून तो ओसरीवर टेकला. दीनाबाई हात धूत होत्या. सहज म्हणून त्यांनी विचारलं, "इतक्या लोकांत भाव कसा करता हो? कुणी ऐकलं तर?"

"ऐकनार कसं? आमी बोलतच न्हाई." तो खुलला. त्यानं खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. "हं, ह्यो माझा हात. तुमचं एक बोट धरलं की एक. चार धरली की चार. सगळा पंजा धरला की पाच. पंजा धरून सोडला, मग एक बोट, म्हंजे सा. तोंडानं चकार शबुद न्हाई."

"आणि पटलं नाही तर?"

"हात भाईर काढायचा. लगीच. हात तसाच ठिवला, म्हंजे पटलं. सौदा झाला. मग बापाचं ऐकत न्हाईत."

"आन् उगं हसू नगं," गोजरबाई आतून म्हणाली. "त्याच्या बापानं एक डाव शिंकता शिंकता हात तसाच ठिवला, तर म्हस गेली."

गोरक्ष हसत हसत आत डोकावला आणि दारातच थबकला. "आये, घमेल्यावर बापाचा सौद्याचा रुमाल टाकलास व्हय?"

"फाटला हुता. मग काय त्याची पूजा करू?"

"न्हाई, पर..." त्यानं मान खाजवली. "असू दे. ऱ्हाऊ दे आता."

५

सोमवार, १४ फेब्रुवारी. वारा पडलेला. ऊन लख्ख. सकाळी पाहिलेले तीनही डाग तांबडे होते, आणि एकाच्या कडेला रुपयाएवढी गुठळी. पुष्पावतीच्या कमरेत कळ सुरू झाली होती, मंद. ओला तुकडा जवळजवळ कोरा होता.

गोरक्ष बैलगाडी जुंपायचं म्हणत होता. दीनाबाईंनी नको म्हटलं. मैलभर दगडधोंड्यांची वाट. गाडीच्या धक्क्यानं होतं ते नव्हतं होईल. "सायंकाळपर्यंत पाहू. वाढलं तर माणसं लावून खाट उचलून सडकेवर नेऊ."

दुपारी साडेबाराला गोजरबाई मारुतीला गेली, गोरक्ष खाट उचलायला माणसं सांगायला. घरात पुष्पावती आणि दीनाबाई. पुष्पावतीला डोळा लागला होता. दोन्ही हात पोटावर.

आवाज आला. ओलं कापड पिळताना पाणी निथळतं, तसा; मग कापड झटकल्याचा.

दीनाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. झरोक्यातून उन्हाचा पट्टा सरळ घमेल्यावर पडला होता. रुमाल मधोमध किंचित वर आलेला होता. सकाळी तो सपाट होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

उंदीर, त्यांनी स्वतःला सांगितलं. उंदीर असेल तर रुमाल ओढला की पळेल. त्या पायथ्याशी जाऊन बसल्या. रुमाल ओढण्यासाठी म्हणूनच त्यांनी हात पुढं केला होता. पण हात कडेवरून वर गेला नाही. कडेखालून आत गेला. असं का केलं, हे पुढं त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. पाहायचं होतं, एवढंच.

आत ओलावा होता. कापडं होती. मग त्यांची बोटं कुणीतरी धरली.

हात बाईचा होता. गार नव्हता. अंगात थोडा ताप असताना असतो तेवढा कोमट, आणि खूप लहान. त्यानं आधी त्यांची करंगळी चाचपली, मग एकेक बोट, जणू मोजून घेत होता. मग चार बोटं एकत्र धरून दाबली. थांबला.

चार.

दीनाबाईंचं काळीज कानांत वाजत होतं; डोकं मात्र विलक्षण स्वच्छ होतं. चार काय? इथं दुसरं काय मोजलं जात होतं? आज बारा आठवडे पुरे. चार महिने म्हणजे जूनचा मध्य. सहा मिळाले तर ऑगस्टचा मध्य, दिवस भरल्यासारखेच. त्यांनी तो लहानसा पंजा आपल्या पंज्यात धरला, दाबला, सोडला, आणि एक बोट धरलं. सहा.

तो हात स्थिर राहिला. खाटेवर पुष्पावती झोपेत कण्हली. मग त्या हातानं पुन्हा त्यांची चार बोटं धरली, आणि हळूच, अगदी सावकाश, अंगठाही आत ओढून घेतला.

पाच.

आता हात काढायचा, हे त्यांना ठाऊक होतं. पण एकवीस वर्षांची सवय अशी की कळा देणारी बाई हात धरते तेव्हा हात सोडवायचा नसतो. ती सोडीपर्यंत ठेवायचा. त्यांनी ठेवला.

पाच श्वासांइतका वेळ गेला. मग पकड सैल झाली.

त्यांनी रुमाल उचलला. घमेल्यात सहा तुकडे होते.

६

त्या संध्याकाळपासून डाग थांबले. कळ थांबली. खाट उचलायला आलेली चार माणसं चहा पिऊन परत गेली. मंगळवारी सहा तुकडे, सहाही कोरे. बुधवारी तेच. पंधरा दिवसांनी दीनाबाईंनी विटा काढल्या. गोजरबाईनं त्यांच्या पिशवीत बळंच गूळ कोंबला आणि म्हणाली, "तुमच्या येसूला सांगा, गोजरीनं दिलाय म्हनावं."

वहीत बाळंतपणाची तारीख लिहिलेली होती: २९ ऑगस्ट. तिच्या बाजूला दीनाबाईंनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात १४ जुलै लिहिलं. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय?

एप्रिलमध्ये पुष्पावतीला पोटात हालचाल जाणवली. दीनाबाईंनी लाकडी नळी लावून ठोके ऐकले, घड्याळाशी मोजले. एका मिनिटाला एकशे चाळीस. त्या दिवशी ओसरीवर चहा घेताना गोजरबाई आपली बोटं मोडत म्हणाली, "आता सातवा निगंपत्तुर घोर. सातव्यात झालं तर जगतं. आठव्यातलं जगत न्हाई. त्यापरीस सातवा बरा."

"तसं नसतं, गोजरबाई. जेवढं जास्त आत राहील तेवढं चांगलं."

"पुस्तकात आसंल."

जूनचा मध्य म्हणजे सातवा. जुलैचा मध्य म्हणजे आठवा. दीनाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. पुस्तक खरं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. तरी त्या थांबून थांबून विचार करत राहिल्या, की त्या हातानं आधी चार मागितले होते ते कशासाठी.

उत्तर गोरक्षानं दिलं, न विचारता. तो बैलाला पाणी दाखवून आला होता आणि गेल्या बाजाराची गंमत सांगत होता: दोन अनोळखी गडी रुमालाखाली हात घालून बसलेले, आणि भोवतीची माणसं घेणारा कोण, विकणारा कोण, यावर पैज लावतात.

"तोंडावरनं वळकू येत न्हाई बाई. पर बोटांवरनं लगीच कळतं. घेनारा चढत जातो. इकनारा उतरत येतो."

चारावरून पाचावर कोण गेलं होतं, आणि सहावरून पाचावर कोण आलं होतं, हे दीनाबाईंना आठवायची गरज नव्हती.

"आणि सौदा झाल्यावर?" त्यांनी विचारलं.

"झाल्यावर काय? जनावर घेनाऱ्याचं."

७

११ जुलैला दीनाबाईंनी पुष्पावतीला एस.टी.नं नगरला नेलं. उशीखाली उशी ठेवून, पुढच्या बाकावर, ड्रायव्हरला तीनदा सांगून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चष्मा वर केला.

"सगळं ठीक आहे, दीनाबाई. दीड महिना आहे अजून. कशासाठी आणलंत?"

"वस्ती लांब आहे, बाई. पाऊस आला तर ओढा अडवतो."

डॉक्टरीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. महिनाभर आभाळात ढगाचं नाव नव्हतं. "पाऊस?" त्या म्हणाल्या. पण खाट दिली.

तीन दिवस दीनाबाई त्या खाटेजवळून हलल्या नाहीत. गोजरबाई भिंतीशी बसून माळ ओढत होती; गोरक्ष फाटकापाशी. खाटेखाली काही ठेवू दिलं नाही. ना भांडं, ना कापड. बाळाच्या पाळण्यावर मच्छरदाणी लावायला आलेल्या आयेलाही त्यांनी परत पाठवलं. रोज सकाळी नळी लावून ठोके ऐकले. ठोके एकाच ठिकाणी, स्पष्ट. एकशे छत्तीस. एकशे चाळीस. एकशे अडतीस.

"बाई," पुष्पावती गुरुवारी संध्याकाळी म्हणाली, "तुमी का भ्याला हाय? मला सांगा की."

"भ्याले नाही."

"मग माझा हात एवढा गच्च का धरलाय?"

दीनाबाईंनी खाली पाहिलं. पुष्पावतीचा सबंध पंजा त्यांच्या मुठीत होता. त्यांनी तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवसाची नोंद वहीत अशी आहे:

शुक्रवार, १४ जुलै १९७२. आभाळ कोरडं, वारा पश्चिमेचा. सकाळी सव्वानऊला पाणी गेलं, लगेच कळा. प्रसूती दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी.

आई: ठीक. रक्तस्राव बेताचा.

मूल: मुलगी. जिवंत, लगेच रडली. वजन चार पौंड दोन औंस. मागाहून लिहिलेलं: सेहेचाळीस दिवस दवाखान्यात. २९ ऑगस्टला वजन पाच पौंड तेरा औंस, आईबरोबर घरी.

वार (नाळेसकट): चार वाजून पस्तीस मिनिटांनी पडली, पूर्ण. तिच्या पडद्यात दुसरा गर्भ. चपटा, वाळलेला. लांबी सव्वादोन इंच. वाढ बारा आठवड्यांची, म्हणजे १४ फेब्रुवारीपर्यंतची.